कंसातली श्रद्धा

अमेरिकेत मानसिक आरोग्य समुपदेशकाचा परवाना मिळवायचा, तर पदवीनंतर दोन ते तीन वर्षे विद्यापीठात काढावी लागतात आणि त्यापुढची साधारण दोन वर्षे अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली. या काळात विद्यार्थी निदान शिकतो, चाचण्या शिकतो, मुलाखतीचे तंत्र शिकतो. शिवाय त्याच्याकडून आणखी एक गोष्ट मागितली जाते, जी इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांत क्वचितच इतक्या उघडपणे मागितली जाते. समोरच्या माणसाचे ऐकताना त्याने स्वतःच्या श्रद्धा, नीतिकल्पना आणि पापपुण्याचे हिशेब बाजूला ठेवायचे. ते सोडून द्यायचे नाहीत, फक्त तेवढ्या पन्नास मिनिटांपुरते त्यांना बोलू द्यायचे नाही. एखाद्या श्रद्धावान माणसाला हे खरोखर जमते का, आणि जमत असले तरी राज्याने परवान्याची अट म्हणून ते मागावे का, यावर अमेरिकेतली विद्यापीठे, न्यायालये आणि विधिमंडळे गेली पंधरा-वीस वर्षे भांडत आहेत. वाद वरवर व्यवसायनीतीचा दिसतो. खोलात गेले की तो विवेकस्वातंत्र्याचा होतो आणि त्याहून खाली धर्माचा.

अभ्यासक्रमाचा सांगाडा तसा रूक्ष आहे. ‘केक्रेप’ या नावाने ओळखली जाणारी मान्यता-संस्था १९८१ साली स्थापन झाली. तिच्या निकषांप्रमाणे ही पदव्युत्तर पदवी ६० श्रेयांकांची असते. व्यवसायनीती, सांस्कृतिक विविधता, मानवी विकास, करिअर, समुपदेशनाचे कौशल्य, गटकार्य, मूल्यमापन आणि संशोधन असे आठ पायाभूत विषय त्यात येतात. मग १०० तासांचा ‘प्रॅक्टिकम’, त्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसमोर. त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० तास प्रत्यक्ष कामाचे. पदवी हाती आल्यावर राज्याच्या नियमानुसार पर्यवेक्षणाखालचे तास भरावे लागतात. न्यूयॉर्क आणि टेक्सस या दोन्ही राज्यांत हा आकडा ३,००० आहे. शेवटी परीक्षा. राज्याने सांगितले असेल त्याप्रमाणे २०० बहुपर्यायी प्रश्नांची ‘नॅशनल काउन्सेलर एक्झामिनेशन’ किंवा प्रत्यक्ष प्रसंगांवर आधारलेली दुसरी. यातल्या कुठल्याही टप्प्यावर विद्यार्थ्याला देव आहे का, असे कुणी विचारत नाही. तरीही बहुतेकांची खरी परीक्षा त्या प्रश्नाच्या आसपासच होते.

मुळात बोलण्यासाठी सरकारी परवाना का लागावा, हा प्रश्न जुना आहे. १९२६ साली व्हिएन्नात थिओडोर राइक या डॉक्टर नसलेल्या मनोविश्लेषकावर वैदूगिरीचा आरोप आला. त्याच्या बाजूने फ्रॉइडने एक छोटे पुस्तकच लिहिले आणि पुढच्या वर्षी त्याला जोडलेल्या पुरवणीत, विश्लेषकाचे काम म्हणजे धर्माबाहेरचे पाद्रीपण आहे, अशा अर्थाचे वर्णन केले. धर्माला भ्रम ठरवणाऱ्या माणसाला आपल्या धंद्यासाठी हीच जवळची उपमा सापडावी, यात त्या धंद्याचे कूळ दिसते. अमेरिकेत समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा व्हर्जिनिया राज्याने १९७६ साली केला आणि शेवटचे राज्य, कॅलिफोर्निया, २००९ मध्ये त्यात सामील झाले. बहुतेक राज्यांच्या कायद्यांत धर्मगुरूंना सूट आहे. दुःखात बुडालेल्या विधवेशी पाद्री तासभर बोलला, तर त्याला परवाना लागत नाही. तेच बोलणे फी घेऊन, ‘समुपदेशक’ ही पाटी लावून कुणी केले, तर लागतो. म्हणजे कायदा शब्द तपासत नाही, भूमिका तपासतो. कोण कुणाच्या नावाने बोलतो, हे तो पाहतो. पाद्री आपल्या पंथाच्या वतीने बोलतो, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. परवानाधारक समुपदेशक कुणाच्या वतीने बोलतो, याचे उत्तर इतके सरळ नाही.

समुपदेशन धर्मापासून वेगळे झाले ते फार दूरच्या काळात नाही. कॅथलिक चर्चने १२१५ सालच्या लॅटरन परिषदेत प्रत्येक श्रद्धावानाला वर्षातून निदान एकदा पापकबुली बंधनकारक केली होती. एकांतात, गुप्ततेची हमी घेऊन, दुसऱ्यासमोर मन उघडे करण्याची सवय युरोपाला लागली ती तिथून. विसाव्या शतकात अँटन बॉइसन या पाद्र्याने १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आणून शिकवायला सुरुवात केली. बॉइसन स्वतः मनोरुग्ण म्हणून रुग्णालयात राहून आला होता, आणि पुस्तकांइतकेच माणसेही वाचावीत हा त्याचा आग्रह होता. समुपदेशनाचा दुसरा झरा अगदीच व्यवहारी. १९०८ साली बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्सने तरुणांना नोकरीची दिशा दाखवणारे कार्यालय काढले. आज अभ्यासक्रमात ‘करिअर’ हा विषय हटकून असतो तो त्याच्यामुळे.

पण समुपदेशन-वर्गाच्या हवेत जे आजही भरलेले असते ते कार्ल रॉजर्सचे. १९०२ साली शिकागोजवळ एका कडक प्रोटेस्टंट घरात तो जन्मला. त्या घरात पत्ते, नाटक, दारू सगळे वर्ज्य. १९२४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाला. तिथल्या काही विद्यार्थ्यांनी शिक्षकाविना स्वतःचाच चर्चावर्ग चालवायची परवानगी मागितली आणि त्या चर्चेतून अनेकजण थेट सेमिनरीबाहेर पडले. रॉजर्सही त्यांतला. नोकरी टिकवण्यासाठी ठराविक सिद्धान्तावर विश्वास ठेवावा लागेल, असे आयुष्य त्याला नको होते. रस्ता ओलांडून तो कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकायला गेला. पुढे १९४२ आणि १९५१ च्या पुस्तकांतून त्याने मांडले ते असे: माणसाला उत्तरे देऊ नका, त्याचे खरेपणाने, बिनशर्त स्वीकाराने आणि त्याच्या जागी जाऊन ऐका, मग त्याचा मार्ग त्याला आतूनच सापडेल. १९५७ च्या गाजलेल्या लेखात त्याने या अटी आवश्यकच नव्हे तर पुरेशाही आहेत असा दावा केला. तो रास्त की अतिरेकी हा संशोधकांचा प्रश्न. इथे महत्त्वाचे हे की ‘न्याय न करता ऐकणे’ हे आज तंत्र म्हणून शिकवले जात असले, तरी त्याच्या मुळाशी माणसाच्या आतल्या आवाजावर एक विशिष्ट विश्वास आहे. प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाला मध्यस्थाची गरज नाही, ही प्रोटेस्टंट पंथांची जुनी धारणा. रॉजर्सने त्यातला देव काढला, विश्वास तसाच ठेवला.

हा विश्वास विद्यार्थ्याच्या अंगात कसा उतरवला जातो ते प्रॅक्टिकममध्ये दिसते. विद्यापीठाच्या दवाखान्यातली लहानशी खोली, समोरासमोर नाही तर थोड्या तिरक्या मांडलेल्या दोन खुर्च्या, टिश्यूचा खोका, भिंतीवर कॅमेरा किंवा एकतर्फी आरसा. क्लायंटने चित्रीकरणाला लेखी संमती दिलेली असते. नंतर विद्यार्थी त्यातला काही भाग शब्दशः उतरवून काढतो. डाव्या रकान्यात कोण काय बोलले आणि उजव्या रकान्यात आपण ते का बोललो. हा कागद घेऊन तो दर आठवड्याला पर्यवेक्षकासमोर बसतो, आणि तिथे त्याचा घाम निघतो. समजा, एखादी तरुणी म्हणाली, “सहा महिने मी चर्चला गेले नाहीये. आईला अजून सांगितलं नाही.” धार्मिक वृत्तीच्या विद्यार्थ्याने विचारले, “पण परत जावंसं नाही वाटत?” पर्यवेक्षक त्या ‘पण’पाशी थांबतो. विद्यार्थ्याला वाटत असते आपण साधा प्रश्न विचारला. त्या एका अव्ययात त्याचे अख्खे रविवार बसलेले असतात. आता त्याच वर्गातला निधर्मी विद्यार्थी विचारतो, “आईला कधी ना कधी सांगावंच लागेल, नाही का?” याला मात्र वर्गातल्या माना डोलतात, कारण प्रामाणिकपणा आणि स्वतंत्र बाणा ही त्या वर्गाची आपली मूल्ये आहेत. चांगला पर्यवेक्षक इथेही तितक्याच काटेकोरपणे थांबतो. आईला कधीच न सांगता जगणारी माणसे असतात, आणि त्यांतली सगळीच घाबरट नसतात. “सांगायचं मनात येतं तेव्हा काय होतं?” एवढे विचारून गप्प राहणे दोघांनाही सारखेच अवघड जाते.

श्रद्धेचा प्रश्न उलट बाजूनेही येतो. अनेक क्लायंट पहिल्या भेटीतच विचारतात, “तुम्ही ख्रिश्चन आहात का?” नवशिका यावर पाठ केलेले उत्तर देतो: “हे जाणून घेणं तुम्हाला का महत्त्वाचं वाटतं?” प्रश्नाला प्रश्न ठेवला की ऐकणाऱ्याला चौकीत बसल्यासारखे वाटते. अनुभवी माणसे सहसा हो की नाही ते दोन शब्दांत सांगतात आणि मग विचारतात की या उत्तराने काय सोपे झाले, काय अवघड झाले. खोटे बोलायचे नाही, प्रवचनही द्यायचे नाही. ही मधली वाट पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात मावते. अंगी बाणायला वर्ष जाते.

या सगळ्याला अलीकडे ‘एथिकल ब्रॅकेटिंग’ म्हणतात, म्हणजे आपली मूल्ये कंसात ठेवणे. मायकेल कोसेट आणि बार्बरा हर्लिही यांनी २०१४ मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली. कल्पना हुसर्लच्या तत्त्वज्ञानातून आलेली आहे. जगाविषयीच्या गृहीतांना खोडायचे नाही, त्यांचा वापर फक्त थांबवायचा आणि समोर काय आहे ते पाहायचे. हुसर्लला मात्र हे एकट्याने, टेबलाशी बसून करायचे होते. समुपदेशकाला ते रडणाऱ्या माणसासमोर करायचे असते.

ते पूर्णपणे जमत नाही, याला पुरावा आहे. डेव्हिड रोझेन्थल यांनी १९५५ मध्येच दाखवले होते की उपचारांनी ज्यांच्यात सुधारणा झाली त्या रुग्णांची नैतिक मते हळूहळू उपचारकाच्या मतांकडे सरकलेली असतात. त्याच वर्षी जोएल ग्रीनस्पून यांच्या प्रयोगाने सिद्ध केले की ऐकणाऱ्याने ठराविक शब्दांवर नुसते ‘हं हं’ केले, तरी बोलणारा तसले शब्द जास्त वापरू लागतो. आणि १९६६ मध्ये चार्ल्स ट्रुअॅक्स यांनी खुद्द रॉजर्सच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे तपासली, तर ‘बिनशर्त’ स्वीकार करणारा हा माणूसही क्लायंटच्या काही बोलण्याला अधिक ऊब देत होता आणि काहींना कमी, असे निघाले. तागडी सरळ धरली आहे असे वाटताना अंगठा नकळत पारड्यावर असतोच. म्हणून तटस्थतेला जी खरी किंमत आहे ती ‘माझ्यात मूल्ये नाहीत’ या दाव्याला नाही. माझा अंगठा कुठे पडतो हे मी दुसऱ्याला तपासू देईन, या तयारीला आहे. प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग पर्यवेक्षण आहे तो यासाठी, आणि नियमपुस्तिकेपेक्षा तो रकान्यांचा कागद जास्त शिकवतो तोही यासाठीच.

नियमपुस्तिका मात्र आपल्या परीने स्पष्ट आहे. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या नीतिसंहितेत समुपदेशकाने आपली मूल्ये क्लायंटवर लादू नयेत असे कलम आहे, आणि २०१४ च्या आवृत्तीत त्यात एका कलमाची भर पडली: केवळ स्वतःच्या मूल्यांशी जुळत नाही म्हणून क्लायंटला दुसऱ्याकडे पाठवू नये. ही भर का पडली, त्यामागे दोन खटले आहेत.

पहिला मिशिगनमधला, ‘वॉर्ड विरुद्ध विलबँक्स’. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीला २००९ च्या जानेवारीत प्रॅक्टिकममध्ये नैराश्याचा एक क्लायंट नेमून दिला गेला. फाइल वाचताना तिला दिसले की त्याने आधी समलिंगी संबंधाविषयी मदत घेतली होती. तिने पर्यवेक्षकाला विचारले: माझ्या श्रद्धेनुसार मी या संबंधाला दुजोरा देऊ शकणार नाही, तर क्लायंटला आताच दुसऱ्याकडे द्यावे का? क्लायंट दुसऱ्याकडे गेला, चौकशी बसली, आणि मार्चमध्ये विद्यार्थिनीला अभ्यासक्रमातून काढून टाकले गेले. सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये प्रकरण ज्युरीसमोर जाण्याजोगे आहे असे ठरवून परत पाठवले. वर्ष संपायच्या आत तडजोड झाली. न्यायालयाचा मुद्दा हा की इतर कारणांसाठी क्लायंट दुसऱ्याकडे पाठवणे त्या व्यवसायात आणि त्या अभ्यासक्रमात चालत होते. मग धार्मिक कारणासाठीच ते का चालू नये? सहिष्णुता मागणाऱ्याने ती द्यायलाही हवी.

दुसरा खटला जॉर्जियाचा, ‘कीटन विरुद्ध अँडरसन-वायली’. इथल्या विद्यार्थिनीने समलिंगी क्लायंटना त्यांचा मार्ग चुकीचा आहे हे पटवण्याचा आपला इरादा असल्याचे बोलून दाखवले होते. ऑगस्टा स्टेट विद्यापीठाने तिला सुधारणा-आराखडा दिला, तिने तो नाकारला, आणि अकराव्या सर्किटने २०११ मध्ये विद्यापीठाची बाजू उचलून धरली. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की फरक दिसतो. एकीला बोलायचे नव्हते, दुसरीला बोलायचे होते. पहिलीची मागणी ‘मला यातून मोकळे करा’ अशी होती, दुसरीची ‘मला यात हात घालू द्या’ अशी. नैतिकदृष्ट्या या मागण्या एका तोलाच्या नाहीत, आणि संहितेने दोन्ही दारे एकाच कडीने बंद केली, हे तिच्या टीकाकारांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही.

तरी कडी घालण्यामागचे कारणही हलके नाही. धीर गोळा करून आलेल्या माणसाला दाराशीच ‘तुमच्यासाठी दुसरे कुणी पाहू’ हे ऐकावे लागले, तर तो त्यातून काय घेऊन जातो? ज्या लाजेपायी तो इतकी वर्षे आला नव्हता, तिच्यावर शिक्का बसतो. शिवाय डॉक्टर, वकील, समुपदेशक यांना राज्य परवाना देते ते लोकांनी त्यांच्यावर निर्धास्त विसंबावे म्हणून. त्या विसंबण्याचा फायदा घ्यायचा आणि कुणाला घ्यायचे ते आपल्या पंथावरून ठरवायचे, हे दोन्ही एकत्र नांदत नाही. धार्मिक विद्यार्थी यावर विचारतो की मग आमच्या विवेकाचे काय? प्रश्न खरा आहे. त्याचे सर्वांत चांगले उत्तर न्यायालयांनी नव्हे, डेन्व्हर सेमिनरीसारख्या संस्थांनी दिले आहे. हे इव्हँजेलिकल पंथाचे धर्मशास्त्र-विद्यालय आणि त्याचा समुपदेशन-अभ्यासक्रम केक्रेप-मान्य. तिथून बाहेर पडणारे विद्यार्थी बायबलवर विश्वास ठेवतात आणि तेच परवान्याचे निकष पूर्ण करतात. समोरच्याच्या निवडीचा आदर करणे ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे, असे त्यांच्यापैकी अनेकजण मानतात. त्यांना कंस घालावा लागतो, पण तो त्यांच्या श्रद्धेच्या विरुद्ध नसतो. श्रद्धेनेच घातलेला असतो.

इथे या व्यवसायाने स्वतःशी प्रामाणिक व्हायला हवे. तो तटस्थ नाही. त्याच्या सगळ्या नियमांच्या वर एक मूल्य बसलेले आहे, क्लायंटची स्वायत्तता. आपले जीवन कसे जगावे याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, हा कांटचा आणि मिलचा वारसा आहे, निसर्गनियम नव्हे. आणि ते मूल्यही सर्वत्र शेवटचे नाही. बर्कलीमधल्या एका विद्यार्थ्याने १९६९ मध्ये आपल्या उपचारकापाशी एका तरुणीला मारण्याचा मनसुबा बोलून दाखवला होता. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, पण तिला वा तिच्या घरच्यांना कुणी सावध केले नाही आणि तिचा खून झाला. ‘टॅरासॉफ’ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये असा निर्णय दिला की धोका ज्या व्यक्तीला आहे तिचे रक्षण करण्याचे कर्तव्य गुप्ततेहून वरचे आहे. बालकांवरचा अत्याचार, आत्महत्येचा नजीकचा धोका, इथेही समुपदेशकाने तोंड उघडायचे असते. कॅथलिक धर्मशास्त्रात पाद्र्याच्या गुप्ततेची मुद्रा खुनाच्या कबुलीनेही फुटत नाही. समुपदेशकाची अशा धोक्यापुढे फुटते, आणि बहुतेक राज्यांत फुटलीच पाहिजे असा कायदा आहे. म्हणजे ‘न्याय न करण्या’च्या खोलीतही जिवाचे मोल आधीच ठरलेले असते, त्याविषयी क्लायंटचे मत विचारले जात नाही.

याच जागी यहुदी तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबरने बोट ठेवले होते. १८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठात त्याचा आणि रॉजर्सचा जाहीर संवाद झाला. रॉजर्सचे म्हणणे, खोलीत आम्ही दोघे दोन माणसे म्हणून समान असतो. ब्यूबर मानायला तयार नव्हता. तो तुमच्याकडे मदतीसाठी आला आहे, तुम्ही त्याच्याकडे नाही. तुम्ही त्याला पाहता, तो तुम्हाला त्या रीतीने पाहू शकत नाही. ही असमानता सद्भावनेने जात नाही. आणि आणखी एक: माणूस आहे तसा स्वीकारणे पुरेसे नाही, तो काय होऊ शकतो त्यालाही दुजोरा द्यावा लागतो, आणि त्यासाठी कधी त्याच्याच बाजूने त्याच्याशी झुंजावे लागते. ब्यूबरच्या या बोलण्यात हसीदी परंपरेचा सूर आहे आणि त्याचा धोकाही. तो काय होऊ शकतो हे ठरवणार कोण? तत्त्वज्ञ अॅलास्डर मॅकइन्टायरने १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये उपचारकाला आधुनिक समाजाच्या ठरीव पात्रांत बसवले ते वेगळ्या कारणाने. उपचारक साधनांविषयी बोलतो, साध्य जसे असेल तसे घेतो. कशासाठी जगावे हा प्रश्नच त्याने आपल्या कामाबाहेर टाकला आहे. ब्यूबर आणि मॅकइन्टायर दोघांची तक्रार एका टोकाला मिळते. ज्या प्रश्नासाठी माणूस पूर्वी गुरूकडे जायचा, त्या प्रश्नावर इथे मौन आहे.

गुरूचा विषय भारतीय मनोचिकित्सकांनीही काढला होता. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात गुरु-चेला संबंध हा उपचाराचा नमुना होऊ शकेल का, असा प्रश्न मांडला. जिथे परस्परावलंबन हा दोष समजला जात नाही, तिथे केवळ आरसा धरून बसलेला उपचारक माणसाला थंड वाटतो, काही वेळा बेजबाबदारही. घरच्यांची मर्जी हा ज्याच्या निर्णयाचा बाहेरचा अडथळा नसून आतला भाग आहे, अशा क्लायंटला ‘पण तुम्हाला काय हवं आहे?’ हा प्रश्न अपूर्ण वाटतो. अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे वारंवार दिसते. अमेरिकन प्रशिक्षणात १९९२ पासून बहुसांस्कृतिक क्षमतांची जी भर पडली ती अशाच अनुभवांतून. स्वायत्तता तीच, पण ‘स्व’ कुठे संपतो हे आधी विचारा, असा तिचा अर्थ. ही दुरुस्ती योग्य आहे, फक्त ती अर्ध्यावर थांबते. कुटुंबाचा मान राखायचा म्हणून मुलीच्या लग्नाचा निर्णय घरच्यांवर सोडायचा का, यावर क्षमतांची यादी काही बोलत नाही.

महाराष्ट्राचा या वादाशी खरा दुवा आहे तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसमार्फत. १९८० मध्ये मॉर्मन पंथीय मानसशास्त्रज्ञ अॅलन बर्गिन यांनी उपचारात ईश्वरनिष्ठ मूल्यांना जागा मागितली. त्याला एलिसने कडवे उत्तर दिले: कट्टर धार्मिकता आणि भावनिक अस्वास्थ्य हातात हात घालून चालतात. पुढे त्याने ही भूमिका सौम्य केली. श्रद्धेवर नव्हे, तिच्यातल्या ‘झालंच पाहिजे’ या हट्टावर आपला रोख आहे, असे म्हटले. एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीचे मराठीतले अध्वर्यू किशोर फडके, आणि पुढे ठाण्यातल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’चे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तर तिची सांगड वेदान्ताशी घातली. एका कडव्या निरीश्वरवाद्याची पद्धत गीतेच्या शेजारी सुखाने बसली, याचे आश्चर्य वाटायला नको. क्लायंटच्या मनातला हट्ट मोडायचा हे ठरले की तो कुठल्या शास्त्राच्या आधारे मोडायचा हे त्याच्या घरच्या भाषेवर सोडता येते. भारतात समुपदेशकाच्या परवान्याचा प्रश्न अजून अर्धवट आहे. रिहॅबिलिटेशन काउन्सिलचा परवाना या क्षेत्रात मुख्यतः चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांसाठी आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने इतरांसाठी चौकट आणली, तरी पाटी लावून बसणाऱ्या प्रत्येकापर्यंत ती पोचायला वेळ लागेल. तोवर ‘लादू नका’ हे कलम इथे बऱ्याच अंशी ज्याच्या त्याच्या सद्बुद्धीवर आहे.

अमेरिकेत परवाना मिळाल्यावर प्रश्न संपत नाही, त्याची जागा बदलते. खासगी व्यवसायात समुपदेशकाने पहिल्याच भेटीत एक माहितीपत्र द्यायचे असते: शिक्षण, पद्धत, फी, गुप्ततेच्या मर्यादा. ‘मी ख्रिस्ती दृष्टिकोनातून काम करतो’ असे त्यात उघड लिहिणारे अनेक आहेत, आणि ते नियमबाह्य नाही. वाचणाऱ्याला आधी कळते, तो निवड करतो. टेनेसी राज्याने २०१६ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. क्लायंटची उद्दिष्टे वा वर्तन समुपदेशकाच्या मनोमन धारण केलेल्या तत्त्वांशी विसंगत असेल तर त्याला नकार देता येईल, मात्र क्लायंटच्या वा इतरांच्या जिवाला नजीकचा धोका नसावा आणि दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवण्याची तजवीज करावी, असा कायदा केला. निषेध म्हणून अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनने आपले २०१७ चे अधिवेशन नॅशव्हिलहून सॅन फ्रान्सिस्कोला हलवले. मोठ्या शहरात या कायद्याने फारसे अडत नाही. अडते ते डोंगराळ, विरळ वस्तीच्या काउंट्यांत, जिथे परवानाधारक समुपदेशक एखादाच असतो. तिथे माहितीपत्रावरची निवड कागदावरच राहते. व्हिडिओवरून होणारे समुपदेशन आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालावा म्हणून राज्यांनी आपसात केलेला करार यांनी ही अडचण थोडी सैल होईल. दुसऱ्याकडे पाठवा असे टेनेसीचा कायदा सांगतो. तो दुसरा किती मैलांवर असावा, हे त्यात नाही.